मुलीसाठी सॉफ्टबॉलचा संघ निवडताना

अमेरिकेत उन्हाळी हंगाम संपत आला, की ऑगस्टच्या सुमारास मुलींच्या ट्रॅव्हल सॉफ्टबॉल संघांच्या, म्हणजे गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या खासगी संघांच्या, निवड चाचण्या सुरू होतात. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट असो, टेक्ससमधील फ्रिस्को असो किंवा न्यू जर्सीतील एडिसन, या दिवसांत तिथल्या मराठी घरांमध्येही एकच चौकशी चालू असते : कोणता संघ चांगला? बारा-तेरा वर्षांची मुलगी उद्यानातल्या लीगमध्ये खेळता खेळता या खेळात रमलेली असते, तिच्या मैत्रिणी कुठल्या ना कुठल्या क्लबमध्ये जाऊ लागलेल्या असतात, आणि ज्या आईवडिलांनी हा खेळ स्वतः कधी खेळलेला नाही त्यांना थोड्या दिवसांत पूर्ण वर्षाचा निर्णय करायचा असतो. या चौकशीला मिळणारी उत्तरे बहुधा संघाने जिंकलेल्या चषकांची आणि क्लबमधून महाविद्यालयीन संघांत गेलेल्या मुलींची असतात. माझे म्हणणे असे आहे, की या वयाच्या मुलीसाठी संघ निवडायची ही मापेच चुकीची आहेत. तिला मैदानावर प्रत्यक्ष किती खेळायला मिळेल, तिचे शरीर किती जपले जाईल आणि तिच्याशी वागणारा मोठा माणूस कोणाला उत्तरदायी असेल, यावर संघाची निवड ठरली पाहिजे. शिवाय ही काळजी एकेकट्या पालकावर सोडून चालणार नाही, कारण हे संघ ज्या मैदानांवर खेळतात ती बहुतांशी सार्वजनिक मालकीची आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सॉफ्टबॉल अगदीच अनोळखी नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये तो आहे आणि शिवछत्रपती पुरस्कारांच्या याद्यांमध्ये सॉफ्टबॉलपटूंची नावे आलेली आहेत. पण तिकडे खेळाडूची वाट शाळेच्या आणि जिल्ह्याच्या संघातून जाते, अमेरिकेत ती तशी जात नाही. इथे शाळेचा संघ हायस्कूलमध्ये, म्हणजे नववीपासून, महत्त्वाचा होतो आणि तोही वर्षातल्या मोजक्या महिन्यांपुरता असतो. त्याच्या आधी आणि त्याच्या बाजूला स्थानिक रेक लीग असते, जिथे नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक मुलीला जागा मिळते. या दोहोंपेक्षा वेगळी अशी ट्रॅव्हल संघांची खासगी दुनिया आहे. तिथे चाचणी घेऊन बारा-तेरा मुली निवडतात, वर्षाचे शुल्क काही हजार डॉलर असू शकते, आणि शनिवार-रविवार दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यात जातात : शनिवारी गटातले सामने, रविवारी बाद फेरी. यूएसए सॉफ्टबॉल, यूएसएसएसए, पीजीएफ अशा संस्था स्पर्धा भरवतात, पण संघ काढायला कोणाचा परवाना लागत नाही. नोंदणी केली, विमा उतरवला, गणवेश शिवून घेतले, की संघ उभा राहतो. त्यातच मोठ्या नावाच्या क्लबचे एकाच नावाने अनेक संघ असतात, वेगवेगळ्या वयोगटांचे आणि वेगवेगळ्या राज्यांतलेही. छातीवरचे नाव तेच असले, तरी एका संघाचा प्रशिक्षक आणि दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक यांच्यात काडीचाही संबंध नसू शकतो. म्हणून ‘अमुक क्लब चांगला’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. विचारायचे ते या वर्षी, या वयोगटात, या प्रशिक्षकाच्या हाताखाली काय चालते हे.

मग इतकी धडपड कशासाठी होते? त्याचे उत्तर इतिहासात आहे. १८८७ मध्ये शिकागोत बंदिस्त जागेत खेळायचा बेसबॉल म्हणून जन्मलेला हा खेळ पुढे मुलींचा खेळ म्हणून अमेरिकेत रुजला, आणि १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणे भाग पाडल्यावर महाविद्यालयांत मुलींचे संघ वाढले. १९८२ पासून एनसीएए ही संस्था महिलांची महाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धा भरवते, आणि तिचे ओक्लाहोमा सिटीतले अंतिम टप्प्याचे सामने आता दूरचित्रवाणीवर देशभर पाहिले जातात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे आणि त्याचे सामनेही ओक्लाहोमा सिटीतच ठेवले आहेत. मुलींना आपल्यासारख्याच मुली इतक्या मोठ्या मैदानावर दिसतात ही फार चांगली गोष्ट आहे, आणि ती एका कायद्याने घडवून आणली हे विसरता कामा नये. पण त्या पडद्याच्या आधाराने एक आशा विकली जाते, आणि ती तपासून पाहण्याची गरज आहे.

हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली अमेरिकेत साडेतीन लाखांच्या जवळपास आहेत. त्यांपैकी एनसीएएच्या तिन्ही विभागांतल्या महाविद्यालयांत मिळून पुढे खेळणाऱ्या मुली शेकडा सहाच्या आसपास भरतात, आणि पहिल्या विभागात पोचणाऱ्या शेकडा दोनही नसतात. ज्या तिसऱ्या विभागात सर्वांत जास्त महाविद्यालये आहेत, तो विभाग खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. आपल्या लोकांना ज्यांची फार ओढ असते ती आयव्ही लीगची विद्यापीठेही देत नाहीत. पहिल्या विभागात आत्ताआत्तापर्यंत एका संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या वीस-बावीस मुलींत वाटल्या जात, म्हणजे बहुतेकींच्या वाट्याला अर्धीमुर्धी रक्कम येई. एनसीएए आणि खेळाडू यांच्यातल्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर २५ ची मर्यादा आली. पण जास्त शिष्यवृत्त्या देता येतात याचा अर्थ प्रत्येक विद्यापीठ त्या देईल असा नव्हे. दुसऱ्या बाजूला खर्च वाढतच आहे. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पालक सर्वेक्षणात मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी वार्षिक खर्च १,०१६ डॉलर निघाला, २०१९ च्या तुलनेत ४६ टक्क्यांनी जास्त. ही सरासरी सगळ्या खेळांची आणि सगळ्या स्तरांची आहे. ट्रॅव्हल सॉफ्टबॉलमध्ये शुल्क, हॉटेल, पेट्रोल, खासगी शिकवणी आणि तीनचारशे डॉलरची बॅट मिळून हा आकडा सहज मागे पडतो. शिष्यवृत्तीची गुंतवणूक म्हणून या खर्चाचा हिशेब मांडला, तर बहुतेक कुटुंबांच्या हाती काही लागत नाही. मुलगी आनंदाने खेळते, तिला अंगमेहनतीची गोडी लागते, तिला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळतात, यासाठी तो खर्च केला तर तो सार्थकी लागतो. पण मग संघही त्याच गोष्टींसाठी निवडायला हवा.

इथे आपल्या मराठी मनाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांची वाढ अशा व्यवस्थेत झाली, की जिथे खेळाला दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडागुणांनी किंवा सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या राखीव जागांनी किंमत यायची, नाहीतर ‘खेळून काय होणार’ हे ऐकून घ्यावे लागायचे. त्या तरतुदी चुकीच्या होत्या असे मी म्हणत नाही, अनेक मुलींना त्यांनीच घराबाहेर पडू दिले. पण त्यातून लागलेली एक सवय आपण बरोबर घेऊन आलो. खेळ पुढच्या प्रवेशाची पायरी असेल तरच तो गंभीरपणे घ्यायचा, आणि एकदा गंभीरपणे घेतला की नामांकित क्लासला घालावे तसे मुलीला नामांकित क्लबला घालायचे, ही ती सवय. नामांकित क्लासमध्ये शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्यालाही निदान व्याख्यान तेच ऐकायला मिळते. सॉफ्टबॉलमध्ये बाकावर बसलेल्या मुलीला काहीच मिळत नाही.

हे नीट समजून घेण्यासाठी शनिवारचा एक सामना पाहावा. कागदावर सात डावांचा असलेला खेळ स्पर्धेतल्या वेळेच्या मर्यादेमुळे बहुधा चार-पाच डावांतच संपतो. मैदानावर नऊ मुली असतात आणि संघात तेरा. शेवटच्या चौघींना एखादा डाव मैदानाच्या उजव्या टोकाला क्षेत्ररक्षण आणि एखाद्या वेळी फलंदाजी मिळाली, तर दोन दिवसांच्या प्रवासात त्यांच्या वाट्याला दहा-पंधरा चेंडू येतात. गटातल्या सामन्यांत सगळ्या मुलींना फलंदाजीच्या क्रमात घेण्याची मुभा अनेक स्पर्धा देतात. प्रशिक्षक ती वापरतो की नऊच मुली ठेवतो, यावरून त्याची नीती जितकी कळते तितकी त्याच्या संकेतस्थळावरून कळणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की चाचणीच्या आधी त्या संघाचे दोन-तीन सामने कोणाला न सांगता जाऊन पाहावेत, आणि तेही सर्वांत चांगल्या मुलीवर नव्हे तर सर्वांत कच्च्या मुलीवर नजर ठेवून. तिने चेंडू सोडला तेव्हा प्रशिक्षक काय म्हणाला, पुढच्या डावात ती मैदानावर होती का, बाकीच्या मुली तिच्याजवळ गेल्या का, हे पाहावे. आपली मुलगी कधी ना कधी त्या जागी असणारच आहे. सरावाचे दिवस सामन्यांच्या तुलनेत किती आहेत हेही विचारावे, कारण शिकणे सरावात होते, आणि स्पर्धांमागून स्पर्धा खेळणारा संघ मुलींना शिकवत नसून नुसता वापरत असू शकतो.

बारा वर्षांखालील गटातून चौदा वर्षांखालील गटात जाताना पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीचे, फलंदाजाच्या जागेपासूनचे अंतर ४० फुटांवरून ४३ फुटांवर जाते. मुलींची उंची, वजन, हाडे या दोन-तीन वर्षांत झपाट्याने बदलत असतात, आणि नेमक्या याच वयात त्यांच्यावर खेळाचा भार सर्वांत जास्त टाकला जातो. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून पूर्ण वर्तुळात फिरवून चेंडू टाकते. ही फेक नैसर्गिक असते, तिने खांदा दुखत नाही, असा समज पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. प्रत्यक्षात खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर येणारा ताण बेसबॉलच्या वरून टाकलेल्या चेंडूच्या तोडीचा असतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. तरीही हायस्कूलच्या बेसबॉलमध्ये २०१७ पासून एका पिचरने किती चेंडू टाकायचे याची मर्यादा ठरवणे प्रत्येक राज्याला भाग पडले, आणि सॉफ्टबॉलला तसे राष्ट्रीय बंधन नाही. मुलांच्या खांद्याची काळजी नियमाने घ्यायची आणि मुलींच्या खांद्याची प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडायची, हे टायटल नाइनच्या देशात मला अत्यंत खटकते. याचा परिणाम असा होतो, की एकच चांगली पिचर असलेला संघ रविवारच्या अंतिम सामन्यापर्यंत तिलाच फेकत ठेवतो, आणि मैदानाबाहेर सगळे तिच्या जिद्दीचे कौतुक करतात. म्हणून मुलगी पिचर असेल तर संघात आणखी किती पिचर आहेत आणि मागच्या स्पर्धेत कोणी किती डाव टाकले, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. ज्या प्रशिक्षकाला हे आठवत नाही, त्याच्याकडे मुलीचा खांदा सोपवू नये. कॅचरचे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या मुलीचे, तसेच आहे : टेक्ससच्या उन्हात पूर्ण साधने अंगावर घेऊन दिवसात चार सामने उकिडवे बसणे ही मामुली गोष्ट नाही.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सुचवले, की एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने तरी त्या खेळापासून सुट्टी असावी. जो संघ हिवाळ्यात बास्केटबॉल किंवा भरतनाट्यम करणाऱ्या मुलीला ‘निष्ठा नाही’ म्हणून मागे ठेवतो, तो वैद्यकीय सल्ल्याच्या थेट विरुद्ध वागतो. अशा संघाला पालकांनी चाचणीच्या दिवशीच नकार द्यायला हवा, मग त्याचे नाव कितीही मोठे असो.

प्रशिक्षकाविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत गंभीर आहे. लहान वयोगटांत संघ बहुधा एखाद्या मुलीचे वडीलच चालवतात. स्वतःच्या मुलीला शॉर्टस्टॉप ही क्षेत्ररक्षणातली महत्त्वाची जागा राखून ठेवणाऱ्या या कारभाराला मैदानावर ‘डॅडी बॉल’ म्हणतात. तो त्रासदायक असतोच, पण वडील प्रशिक्षक असले म्हणजे पक्षपात होतोच असे नाही, आणि पगारी प्रशिक्षक आला म्हणजे तो थांबतो असेही नाही. खरा प्रश्न किशोरवयीन मुलीच्या सुरक्षिततेचा आहे. जिम्नॅस्टिक्समधील अत्याचार उघड झाल्यावर २०१८ मध्ये अमेरिकेत खेळाडूंना अत्याचारापासून संरक्षण देणारा सेफस्पोर्टचा कायदा लागू झाला. शिक्षा झालेल्या प्रशिक्षकांची नावे पाहता येतील अशी यादी आज सेंटर फॉर सेफस्पोर्ट ठेवते, आणि मोठ्या माणसाने अल्पवयीन खेळाडूशी एकांतात वागू नये, भेट इतरांना दिसेल आणि थांबवता येईल अशीच असावी, अशी तिची नियमावली आहे. ही यादी पाहायला पाच मिनिटे लागतात. दुसऱ्या गावच्या स्पर्धेत मुलींच्या खोल्या कोण बघते, प्रशिक्षक मुलींशी फोनवर खासगी संदेशांतून बोलतो की पालकही असलेल्या गटातच बोलतो, हे विचारायला आपले लोक संकोचतात, कारण समोरच्याला अपमान वाटेल असे आपल्याला वाटते. चांगल्या प्रशिक्षकाला या प्रश्नांचा अपमान वाटत नाही, त्याच्याकडे उत्तर तयार असते.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे : ज्या मुलीत खरोखर गुणवत्ता आहे, तिला तोडीस तोड प्रतिस्पर्धी हवेत, ताशी साठ मैलांचा चेंडू पाहायला मिळायला हवा, आणि ते रेक लीगमध्ये मिळणार नाही. हे खरे आहे. सोळा-सतरा वर्षांच्या, महाविद्यालयात खेळायचेच असे स्वतः ठरवलेल्या मुलीला शोकेस स्पर्धा खेळणारा संघ लागतोच, कारण महाविद्यालयांचे प्रशिक्षक तिथेच येतात. पण तेव्हाही ज्या संघात ती खेळेल तोच तिच्या कामाचा आहे, कारण बाकावरची मुलगी कोणत्याही प्रशिक्षकाला दिसत नाही. आणि बारा-तेराव्या वर्षी घाई करण्याचे जे कारण पूर्वी सांगितले जायचे ते उरलेले नाही. एके काळी आठवीतल्या मुली विद्यापीठांना तोंडी शब्द देत असत. २०१८ मध्ये एनसीएएने नियम केला, की अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी महाविद्यालयीन प्रशिक्षकांनी सॉफ्टबॉल खेळाडूंशी भरतीविषयी संपर्क करायचा नाही. तेव्हा ‘आत्ताच मोठ्या क्लबमध्ये नाही गेली तर गाडी चुकेल’ असे चौदा वर्षांच्या मुलीच्या पालकांना कोणी सांगत असेल, तर तो आपला माल खपवत आहे.

निर्णयात मुलीचे मत किती धरायचे, यावर घरोघर वाद होतात. पैसे आणि वेळ आईवडिलांचा जातो म्हणून अंतिम शब्द त्यांचा, असे म्हणणे सोपे आहे. खर्चाची आणि अंतराची मर्यादा त्यांनी ठरवावी, सुरक्षिततेचा शब्दही त्यांचाच असावा. धाकट्या भावंडाचे शनिवार-रविवार कोणाच्या तरी मैदानाच्या कडेला खुर्चीवर जातात, तेही हिशेबात धरावे. पण त्या मर्यादेतल्या दोन-तीन संघांपैकी कोणता, हे मुलीने ठरवावे असे माझे ठाम मत आहे. मैत्रिणीसाठी तिने कमी चषकांचा संघ निवडला तर तो बालिशपणा नव्हे. या वयात मुली खेळ सोडतात तेव्हा त्यामागे पुष्कळदा संघात आपले कोणी नाही ही भावना असते. चाचणीनंतर संघाकडून बोलावणे आले की एक-दोन दिवसांत होकार आणि पैसे भरा, असा दबाव येतो. त्या दबावाखाली मुलीला विचारले तर ती आपल्याला काय हवे आहे ते ओळखून तसेच उत्तर देईल. म्हणून हे बोलणे जुलैतच, चाचण्या सुरू होण्याआधी झालेले बरे.

मात्र दोन्ही पालक कमावते, इंग्रजीत ईमेल लिहून प्रश्न विचारू शकणारे आणि शनिवारी तीन तास गाडी हाकू शकणारे असले, तरच एवढी चौकशी शक्य होते. ज्यांना हे शक्य नाही त्यांच्या मुलींचे काय? चांगल्या मुली आणि जाणते पालक ट्रॅव्हल संघांकडे गेले, की गावातली रेक लीग रोडावते, तिथे शिकवायला कोणी उरत नाही, आणि जिला पैसे भरणे शक्य नाही तिच्यासाठी हा खेळ हायस्कूलच्या चाचणीच्या दिवशीच संपतो. हायस्कूलच्या संघात निवड होते ती बहुतेक वेळा आधी वर्षानुवर्षे ट्रॅव्हल खेळलेल्या मुलींची. कायद्याने मुलींना खेळाचा हक्क दिला आणि बाजाराने त्याला शुल्काचे फाटक बसवले, अशी आजची स्थिती आहे.

हे फाटक उघडण्याचे एक साधन नगरपालिकांच्या हातात आधीपासूनच आहे. ट्रॅव्हल संघ सराव करतात ती मैदाने पुष्कळ ठिकाणी शहराच्या उद्यान विभागाची किंवा शाळांची असतात, आणि ती परवान्याने दिली जातात. त्या परवान्याला अटी घालता येतात. प्रत्येक प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासलेली असावी, पिचरने टाकलेल्या डावांची नोंद ठेवून ती पालकांना दाखवावी, प्रत्येक संघात काही जागा विनाशुल्क असाव्यात, आणि मैदानाचे चांगले तास आधी रेक लीगला मिळावेत. यातली एकही अट संघांना जड जाणारी नाही. फ्रीमाँट, एडिसन, फ्रिस्को अशा शहरांत आज मराठी कुटुंबांची संख्या आणि आवाज दोन्ही पुरेसे आहेत. शाळांच्या गणिताच्या अभ्यासक्रमासाठी आपले लोक शिक्षण मंडळाच्या सभेत रात्री उशिरापर्यंत बसतात, मग मैदानांच्या परवान्यांचा विषय उद्यान आयोगापुढे येतो त्या सभेतही त्यांनी गेले पाहिजे. पुढच्या हंगामाचे मैदानवाटप ठरण्याआधी या चार अटी लेखी मांडून त्यावर मत नोंदवून घेणे, एवढे काम तर कोणत्याही शहरातल्या आठ-दहा पालकांना सहज करता येईल.